हात मागे बांधून शिकवणारी मुलगी: ज्येष्ठांच्या वर्ड प्रोसेसिंग वर्गाबद्दल

एकतीस वर्षं मी टायपिस्टची नोकरी केली. कार्बनच्या चार प्रती, निळी पडलेली बोटं, आणि साहेब "मधे फक्त एक ओळ वाढवायची आहे" म्हणाले की अख्खं पान पुन्हा. त्यामुळे साठी उलटलेल्यांसाठी वर्ड प्रोसेसिंगचा, म्हणजे संगणकावर मजकूर लिहायचा, वर्ग आहे असं कळलं आणि मी नाव घातलं, तेव्हा मनात जरा गुर्मीच होती. कळफलक काय मला नवा? फार तर दोन-चार बटणं शिकायची राहिली असतील. बारा तासिका संपल्यावर आता सांगते, बटणं शिकायला वेळ लागला नाही. वेळ लागला तो येत असलेलं विसरायला.

आधी वर्गाची माहिती. सहा आठवडे, आठवड्यातून दोन दिवस, दर वेळी दीड तास. आम्ही नऊ जण होतो आणि प्रत्येकासमोर स्वतंत्र संगणक. एका संगणकावर दोघं बसवतात अशा ठिकाणी जाऊ नका. त्यात एक शिकतो आणि दुसरा मान डोलावतो. सगळ्यांत मोठे काका ८२ वर्षांचे. आयुष्यभर शिवणकाम केलेले, त्यांना नातेवाईकांना पत्रं पाठवायची होती. एक निवृत्त मुख्याध्यापिका होत्या, एक बँकेत कॅशियर होते. एक बाई अशा होत्या की त्यांनी आजवर संगणकाला हातच लावला नव्हता, आणि शेवटी आमच्यात सगळ्यांत पुढे त्याच गेल्या. त्याचं कारण पुढे सांगते.

मी आले होते आईच्या वहीसाठी. आईने शेवटच्या काही वर्षांत आपल्या लहानपणाबद्दल एका वहीत लिहून ठेवलं होतं. शाई फिकी होत चालली आहे, तेव्हा ते टाइप करून भावंडांना पाठवावं असं फार दिवस मनात होतं. नातवाने मला शिकवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण त्याची पद्धत अशी, की मी विचारलं की तो माउस माझ्या हातातून घेणार, टकटक चार ठिकाणी दाबणार आणि म्हणणार, "झालं बघ आजी!" झालं खरंच. माझ्या हातून मात्र काहीच झालेलं नसे.

म्हणून पहिल्याच तासाला माझं लक्ष गेलं ते शिकवणाऱ्या मुलीच्या हातांकडे. तिशीची असेल. आमच्यामागून फिरताना हात पाठीमागे एकमेकांत अडकवलेले. मला वाटलं सवय असेल. सवय नव्हती, नियम होता. कुणाच्याही माउसला हात लावायचा नाही. अडलं की ती खुर्ची ओढून शेजारी बसायची, पडद्यावर बोटसुद्धा न टेकवता सांगायची, "डावीकडे वर, घराच्या चित्राच्या बाजूला काय लिहिलंय ते वाचा बरं." आपण वाचायचं, आपणच शोधायचं, आपणच दाबायचं. पाच सेकंदांचं काम तीन मिनिटं चालायचं आणि तिचा चेहरा अजिबात बदलायचा नाही. शिकवण्यातलं हे सगळ्यांत अवघड काम असावं. मी नोकरीत नव्या मुलींना टायपिंग शिकवलंय. माझ्याच्याने हे कधी जमलं नाही.

शिवणकाम केलेल्या काकांचं उदाहरण देते. त्यांना डबल क्लिक जमेना. पहिल्यांदा दाबलं की बोटाच्या कंपाने माउस किंचित सरकायचा, मग दुसऱ्यांदा दाबेपर्यंत बाण दुसरीकडे. फाइल उघडायच्या ऐवजी तिचं चित्रच पडद्यावर इकडून तिकडे ओढलं जायचं. काका घामाघूम. "या हातांनी सुईत दोरा ओवलाय हो मी," असं ते दोनदा म्हणाले. ती म्हणाली, "काका, दोनदा दाबायचंच नाही. एकदा दाबा, हात माउसवरून काढा, आणि मग एन्टर दाबा." फाइल उघडली. एवढंच. डबल क्लिकचा वेग सेटिंगमध्ये कमी करता येतो हेही तिने दाखवलं, बाणाचा आकार मोठा करून दिला, पण काका शेवटपर्यंत एक क्लिक आणि एन्टर असंच करत राहिले. डबल क्लिक येत नाही म्हणून त्यांचं काहीही अडलं नाही.

आता माझी फजिती. तिसऱ्या तासाला मी झरझर एक अर्ज टाइप केला. बाकीचे एकेक अक्षर शोधत होते, माझं पान तयार. मधोमध मथळा, उजवीकडे तारीख, सगळं नीटनेटकं. ती आली, बघितलं, "काकू, वेग काय आहे तुमचा!" म्हणाली आणि मग म्हणाली, "आता एक गंमत करू. ते उलट्या पीसारखं चिन्ह दिसतंय ना वरच्या पट्टीत, ते दाबा." दाबलं, आणि माझ्या सुंदर अर्जावर ठिपक्यांचा पाऊस पडला. मथळ्याआधी ठिपके, तारखेआधी ठिपके, आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी तेच उलटं चिन्ह. प्रत्येक ठिपका म्हणजे मी दाबलेली एक स्पेस. प्रत्येक चिन्ह म्हणजे मी दाबलेला एक एन्टर.

टाइपरायटरवर मथळा मधे आणायचा म्हणजे अक्षरं मोजायची, ओळीतून वजा करायची, निम्म्या करायच्या आणि तेवढ्या स्पेस द्यायच्या. हे मी झोपेतही करू शकते. ओळ संपत आली की घंटी वाजते, मग डाव्या हाताने दांडा ढकलून गाडा परत आणायचा. घंटी वाजत नसली तरी माझी करंगळी ओळीच्या शेवटी आपसूक एन्टरवर जात होती. "आता अक्षराचा आकार १२ वरून १४ करा," ती म्हणाली. केला. माझा अर्ज कोसळला. मथळा उजवीकडे घसरला, तारीख खालच्या ओळीत गेली, आणि प्रत्येक ओळीचा शेवटचा एक शब्द तुटून खाली एकटा उभा राहिला.

तेव्हा मला कळलं की टाइपरायटरमध्ये मी कागदावर जागा भरत होते आणि इथे मजकुराला फक्त सांगायचंय की तू मधे राहा, तू उजवीकडे राहा. ओळ कुठे मोडायची ते त्याचं तो बघतो. परिच्छेद संपेपर्यंत एन्टरला हात लावायचा नाही. ज्या बाईंनी कधी संगणकाला हात लावला नव्हता त्यांना हे पहिल्या झटक्यात समजलं, कारण त्यांच्या करंगळीत एकतीस वर्षांची घंटी नव्हती. माझी करंगळी सुधारायला चार तासिका गेल्या. अजूनही दमले की चुकते.

याच निमित्ताने तिने कळफलकाचा थोडा इतिहास सांगितला आणि तो आम्हाला उगाच दिलेली माहिती वाटला नाही. शोल्स आणि ग्लिडन यांचा टाइपरायटर रेमिंग्टन कंपनीने १८७४ मध्ये विकायला काढला तेव्हा त्यात फक्त मोठी इंग्रजी अक्षरं होती. छोटी-मोठी दोन्ही आली १८७८ च्या रेमिंग्टन क्रमांक २ मध्ये, आणि ती काढायला शिफ्टची कळ आली. शिफ्ट म्हणजे सरकवणं. यंत्राचा भाग खरोखर सरकायचा. टॅबही टाइपरायटरचाच, रकाने पाडायला. ईमेलमध्ये जे सीसी असतं ते कार्बन कॉपी. आणि हाताच्या यंत्रावरचं बॅकस्पेस नुसतं मागे जायचं, खोडायचं काही नाही. खोडायला पांढरं रंगद्रव्य. ते शोधलं बेट नेस्मिथ ग्रॅहम नावाच्या एका अमेरिकन टायपिस्टबाईने १९५० च्या दशकात, हे मात्र तिला मी सांगितलं. टायपिस्ट मंडळींना ते माहीत असतं.

एकदा म्हणाली, सेव्हसाठी जे चौकोनी चित्र आहे ते कशाचं, हे हल्लीच्या मुलांना ठाऊक नसतं. आम्ही नऊच्या नऊ जणांनी एका सुरात "फ्लॉपी!" म्हटलं. त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा आम्ही तिच्यापेक्षा पुढे होतो.

मराठी टायपिंगला तिने तीन तासिका दिल्या. पुरेशा नाहीत, पण जे शिकवलं ते पक्कं. रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवायची सोय असते ती तिने दाखवली आणि ज्यांना तीच सोपी वाटली त्यांना तीच करू दिली. बाकीच्यांना इन्स्क्रिप्ट, म्हणजे आपल्या लिप्यांसाठी ठरवलेली कळफलकाची मांडणी. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या हाताला. क जिथे आहे तिथेच शिफ्ट धरून ख, ग वर घ, त वर थ, प वर फ. मुख्याध्यापिकाबाई एकदम खूश झाल्या. त्यांनी जन्मभर शिकवलेली वर्णमाला कळफलकावर मांडलेली होती. त्यांना अर्ध्या तासात साधलं.

मला नाही साधलं. माझ्या मराठी यंत्रावर ऱ्हस्व वेलांटी आधी मारायची आणि मग अक्षर, कारण कागदावर ती आधी दिसते. 'विहीर' लिहायचं तर आधी वेलांटी, मग व. इन्स्क्रिप्टवर आधी व, मग वेलांटी, बोलतो तसं. रफाराचं उलट. यंत्रावर 'वर्ग' लिहायचा तर व, ग आणि मग वर रफार. इथे व, र, पायमोड, ग. यंत्रावर अर्ध्या ख ला काना जोडला की ख व्हायचा. इथे अख्खा ख एका कळीत आणि अर्धा हवा तर पायमोड. पहिल्या दिवशी मी 'विद्यार्थी' लिहायला बसले आणि व्यंजनाविना लोंबकळणारी वेलांटी आणि शेजारी एक ठिपक्यांचं वर्तुळ असं काहीतरी उमटलं. ते वर्तुळ म्हणजे "या मात्रेला बसायला अक्षर दे" अशी तक्रार असते, हे तिने सांगितलं. मग मला त्याचा राग येईनासा झाला.

एका गोष्टीसाठी तिला पैकीच्या पैकी गुण. 'दऱ्या' कसं लिहायचं हे तिने आपणहून शिकवलं. साधा र घेतला तर 'दर्या' होतो, म्हणजे समुद्र. डोंगरातल्या दऱ्या हव्या असतील तर शिफ्ट धरून र ची कळ दाबायची, मग पायमोड, मग य. मराठीत हे रोज लागतं, 'करणाऱ्या', 'सुऱ्या', 'पायऱ्या', आणि तरीही छापील मजकुरात 'पायर्‍या'च्या जागी काय काय बघायला मिळतं. ज्या शिकवणीत हे सांगतात ती मराठी माणसाने बसवलेली आहे हे ओळखावं.

कॅशियरकाकांची गोष्ट सांगायलाच हवी. त्यांना पडद्यावरचं दिसत नव्हतं म्हणून त्यांनी अक्षरं २८ च्या आकाराची केली आणि आरामात एक पत्र लिहिलं. छापायला दिलं तर एका पानाचं पत्र चार पानं. काका म्हणाले, यंत्र बिघडलंय. ती म्हणाली, "काका, पेपर वाचताना नीट दिसत नसेल तर तुम्ही पेपरातली अक्षरं मोठी करता, की भिंग घेता?" आणि खाली उजव्या कोपऱ्यातली झूमची पट्टी दाखवली. झूम म्हणजे भिंग. कागदावर काही बदलत नाही. फॉन्टचा आकार म्हणजे कागदावरचं अक्षरच. हा फरक मी आजवर तीन हुशार माणसांना समजावून सांगताना फसलेली आहे आणि तिने एका वाक्यात उरकला.

लाल नागमोडी रेघेचंही असंच. मुख्याध्यापिकाबाईंच्या मजकुरात निम्म्या शब्दांखाली लाल रेघा आल्या आणि त्या अक्षरशः पडल्या चेहऱ्याने आपल्या चुका शोधत बसल्या. चूक एकही नव्हती. लाल रेघ म्हणजे "चुकलं" नव्हे, "हा शब्द माझ्या यादीत नाही" एवढंच. मराठीत एका 'घर'चे घराच्या, घरापासून, घराजवळच्या असे किती शब्द होतात. कुठली यादी पुरणार? उजवं क्लिक करून शब्द यादीत घालता येतो हे कळल्यावर बाईंनी पुढचा अर्धा तास त्या यंत्राला शिकवण्यात घालवला. लाल शाई त्यांनी जन्मभर दुसऱ्यांच्या वह्यांवर वापरलेली; आपल्या वहीवर कशी चालेल?

सातव्या तासिकेला माझ्यावर संकट आलं. आईच्या वहीतली अडीच पानं टाइप झाली होती. 'ओळ' असा शब्द आला. इन्स्क्रिप्टवर ओ काढायला शिफ्ट आणि इंग्रजी ए ची कळ. माझी करंगळी शिफ्टऐवजी खालच्या कंट्रोलवर पडली. कंट्रोल आणि ए म्हणजे सगळं निवडणं. पान निळं झालं असणार, पण माझी नजर वहीत होती, कारण टायपिस्ट कधी यंत्राकडे बघत नाही. पुढची कळ मी दाबली ळ ची. वर बघितलं तर अडीच पानांच्या जागी कोऱ्या पांढऱ्या कागदावर एकटं 'ळ'.

मी काय ओरडले ते मला आठवत नाही. ती आली. "काकू, हात मांडीवर. काहीही दाबू नका. फाइल बंद करू नका." तिचेही हात मागेच. मग म्हणाली, "कंट्रोल धरा. आता झेड. एकदाच." ळ गेला आणि आई परत आली, निळ्या रंगात. "आता कुठेही एकदा क्लिक करा, निळं जाईल." गेलं.

त्या दिवशी ठरवलेला पाठ बाजूला ठेवून तिने उरलेला तास याच एका कळीवर घेतला. सगळ्यांना मुद्दाम मजकूर पुसायला लावला. परत आणायला लावला. दहा वेळा पुसा, दहा वेळा आणा. कंट्रोल झेडने मागे जातं, कंट्रोल वायने पुन्हा पुढे. फाइल बंद केली की मात्र मागे जायची वाट बंद, म्हणून घाबरल्यावर आधी बंद करायची सवय मोडायची. कटिंग-पेस्टिंगचं तिने याच्याच पोटात शिकवलं आणि सांगितलं की हे कट, कॉपी, पेस्ट असं ज्यांनी रूढ केलं ते लॅरी टेस्लर आणि त्यांचे सहकारी टिम मॉट, १९७० च्या दशकात झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत, पुस्तकांच्या संपादकांसाठी एक प्रोग्राम बनवत होते. संपादक कागद कात्रीने कापून गोंदाने चिकटवायचे म्हणून ते नाव. मीही कापलेत साहेबांचे मसुदे कात्रीने. शिवणकामवाले काका त्या दिवशी म्हणाले, "कापलेलं पुन्हा जोडता येतं असं कापड असतं तर!" आणि बिनधास्त कापाकापी करायला लागले. माझ्या मते सगळा वर्ग त्या तासाला बदलला. आधी आम्ही जपून, एका बोटाने, परवानगी मागत दाबत होतो.

आता तक्रारी. पुष्कळ आहेत.

पडदे फार उंचावर बसवलेले होते. आमच्यातल्या सहा जणांना दोन भिंगांचा चष्मा. जवळचं खालच्या भिंगातून दिसतं, म्हणजे पडदा डोळ्यांच्या पातळीवर असला की हनुवटी वर करून बघावं लागतं, आणि दीड तासाने मानेचा भुगा. पडदे खाली घ्यायला कुणाचा विरोध नव्हता, पण ते टेबलालाच पक्के केलेले. ज्येष्ठांचा वर्ग भरवायचा ठरवताना हे कुणाला कसं सुचलं नाही?

दिलेली पुस्तिका बारीक टायपात छापलेली. हसावं की रडावं. शिवाय तिच्यातली चित्रं प्रोग्रामच्या जुन्या आवृत्तीची, त्यामुळे पुस्तिकेत जिथे बटण दाखवलंय तिथे ते पडद्यावर नसायचं. ती मुलगी बिचारी दर तासाला एक पान मोठ्या अक्षरात स्वतः छापून आणायची. पुस्तिका मी परत दिली, तिची पानं जपून ठेवली आहेत.

ती दोन दिवस रजेवर होती तेव्हा दुसरा एक मुलगा शिकवायला आला. हुशार होता, वाईट नव्हता, पण नातवाचाच अवतार. माउस आमच्या हातातून त्याच्या हातात. दोन तासिका वाया गेल्या असं मी अभिप्रायाच्या कागदावर स्पष्ट लिहिलंय. हात मागे बांधायचा नियम तिचा एकटीचा असेल आणि वर्गाचा नसेल, तर तुम्ही नाव घालाल तेव्हा समोर कोण उभं असेल त्यावर सगळं अवलंबून. आधी चौकशी करा.

आणि सगळ्यांत मोठी तक्रार: फायली. नववी आणि दहावी तासिका पूर्णपणे नक्षीदार मथळे, किनारी, चित्रं घातलेली शुभेच्छापत्रं यात गेली. मजा आली, खोटं कशाला बोलू. पण फाइल कुठे ठेवायची आणि ती परत कशी शोधायची याला मिळाली वीस मिनिटं, तीही तास संपता संपता. घरी गेल्यावर एकालाही शुभेच्छापत्राची अडचण आली नाही. नऊपैकी सात जणांची फाइल हरवली.

माझी कशी हरवली ते सांगते, म्हणजे कळेल. वर्गातल्या संगणकावर सेव्ह करताना मी नाव दिलं नाही, तर प्रोग्रामने पहिली ओळच नाव म्हणून सुचवली: 'मी सहा वर्षांची असताना'. छान वाटलं, ठेवलं. मग ती स्वतःला ईमेलने पाठवली. घरी ईमेल उघडून, तिथूनच फाइल उघडून, चार पानं वाढवली, सेव्ह केली, बंद केली. दुसऱ्या दिवशी पुन्हा ईमेलमधून उघडली तर जुनीच. नवी चार पानं गायब. ती पुसली गेली नव्हती. ईमेलमधून उघडताना संगणकाने आपल्या आपण कुठल्यातरी कोपऱ्यातल्या फोल्डरमध्ये एक प्रत ठेवली होती आणि मी वाढवलं ते त्या प्रतीत. अलीकडे उघडलेल्या फायलींच्या यादीत सापडली. शोधायला दोन संध्याकाळी गेल्या.

हे आम्हाला शिकवायला इतकं सोपं होतं! आमच्यातले निम्मे लोक कचेरीत काम केलेले. आवक-जावक नोंदवही आम्हाला ठाऊक, कपाट, कप्पा, फाइल, फायलीवरचा क्रमांक आम्हाला ठाऊक. साहेबांच्या टेबलावरचा कागद आणि कपाटातला कागद यातला फरक आम्हाला कुणी समजावून सांगायला नको. 'सेव्ह' म्हणजे आहे त्याच फायलीत ठेवणं आणि 'सेव्ह अ‍ॅज' म्हणजे नव्या नावाने दुसरी प्रत काढणं, आणि त्यानंतर आपण त्या नव्या प्रतीत लिहीत असतो, जुनीत नाही, एवढं एक वाक्य कार्बन कॉपीच्या भाषेत सांगितलं असतं तर कॅशियरकाकांकडे एकाच पत्राच्या सात प्रती झाल्या नसत्या. मी तिला हे बोलले. तिने वहीत टिपून घेतलं. पुढच्या वर्गाला बदललेलं असेल अशी आशा आहे, पण खात्री देत नाही.

एका गृहस्थांनी मधेच विचारलं होतं की आता फोनवर बोललं की मराठी आपोआप लिहिलं जातं, मग हे कशाला? प्रश्न रास्त आहे. तिने वाद घातला नाही, त्यांना बोलून एक परिच्छेद लिहायला लावला आणि म्हणाली, "आता यातली तिसरी ओळ पहिल्या ओळीच्या आधी न्या." तोंडाने ते काही जमेना. लिहिणं तोंडाने होईलही, दुरुस्तीला बोटं लागतात.

नाव घालायचं तर तीन गोष्टी सोबत न्या. स्वतःचा मजकूर, म्हणजे खरोखर लिहायचं आहे असं काहीतरी, वर्गातला नमुना अर्ज नव्हे. वाचायचा चष्मा, लांबचा नाही. आणि एक पेन ड्राइव्ह, ज्यावर तुमच्या नावाची चिठ्ठी चिकटवलेली असेल. घरी संगणक नसेल आणि दोन तासिकांच्या मधे सराव होणार नसेल तर पैसे घालू नका. पुढच्या वेळी बोटं सगळं विसरून येतात. ज्यांना फक्त व्हिडिओ कॉल किंवा फोनची कामं शिकायची आहेत त्यांचाही हा वर्ग नव्हे.

आईच्या वहीची एकेचाळीस पानं झाली आहेत. एका फोल्डरमध्ये आहेत, एकाच, आणि त्याची प्रत चिठ्ठी लावलेल्या पेन ड्राइव्हवर. चार ठिकाणी आईचं अक्षर लागलं नाही. तिथे जागा सोडली आहे आणि पिवळा रंग दिला आहे, तोही याच वर्गात शिकलेला. मोठी बहीण येईल तेव्हा तिला दाखवून भरेन.